‘पाऊस उघडला की करून देतो, दादा’

नाशिकच्या एका वाचकाचं १९ मे २०२५चं पत्र समोर आहे. १९८५ची प्रीमियर पद्मिनी मोटार, वडिलांची. रूफ लायनिंग, म्हणजे छताला आतून लावलेलं कापड, लोंबायला लागलं म्हणून द्वारका चौकाजवळच्या एका कुशनवाल्याकडे दिली. १० जून २०२३ ला गाडी परत मिळाली, १८,००० रुपये दिले (१२,००० यूपीआयने, बाकी रोख). दिवाळी होईपर्यंत कापड मागच्या सीटवरच्या माणसाच्या डोक्याला लागायला लागलं. बिलावर छापलंय, ‘कामाची गॅरंटी नाही’. वाचक विचारतात, या ओळीमुळे माझी केस गेली का?

त्या ओळीने नाही जाणार. जाईल ती तारखेने.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९चं कलम ६९ सांगतं की तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. तुम्ही म्हणाल, कापड तर दिवाळीत सुटलं. तसा युक्तिवाद करता येईल, पण त्यावर केस टांगून ठेवू नका. गाडी हातात आली तो दिवस धरा आणि सोमवार, ९ जूनपर्यंत तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात गेलेली असू द्या. समोरच्याने मुद्दा काढला नाही तरी मुदत आयोगाने स्वतःहून तपासायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगून ठेवलंय. उशीर माफ होतो, पण सबळ कारण द्यावं लागतं. ‘तो उद्या ये म्हणत होता’ हे कारण मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकवत नाही.

तुमचे व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट पाहिले. ‘बघू दादा’, ‘पाऊस उघडला की करून देतो’, मग ‘सीझन आहे’, मग अंगठा. दीड वर्ष! एवढ्यात दोनदा तक्रार लिहून झाली असती. आता वकिलाची नोटीस पाठवून उत्तराची वाट बघायचा बेत असेल तर सोडा. नोटिशीने मुदत थांबत नाही. नोटीस जरूर पाठवा, पण तक्रारीचा कागद त्याच आठवड्यात तयार ठेवा. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात फी नाही आणि तक्रार ऑनलाइनही करता येते.

‘गॅरंटी नाही’बद्दल थोडक्यात. सदोष सेवेचे पैसे परत करायला नकार देणं कायद्याने अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. पैसे परत करायची मुदत बिलात नसेल तर ३० दिवस धरतात. त्यामुळे छापील ओळ आयोगाला बंधनकारक असेल असं वाटत नाही. किती भरपाई मिळेल यावर मात्र मी पैज लावणार नाही. ‘व्हिंटेज गाडीची किंमत पडली’ हा मुद्दा तर काढूच नका. मोटार वाहन नियमांत व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांवरची गाडी. तुमची चाळिशीची आहे.

खरा जोर पुराव्यात आहे. मूळ लायनिंग आडव्या सळ्यांवर ताणलेलं होतं आणि कुशनवाल्याने सळ्या काढून फोमचं कापड थेट पत्र्याला चिकटवलं, असं तुम्ही लिहिता. उन्हात पत्रा तापला की गोंद सुटणारच. म्हणून दुसऱ्या कुशनवाल्याकडे आत्ताच गाडी देऊ नका. लोंबणाऱ्या कापडाचे, पत्र्यावर राहिलेल्या गोंदाच्या डागांचे तारखेसकट फोटो घ्या, आणि जाणत्या कारागिराकडून दोष काय तो लेखी प्रतिज्ञापत्रावर घ्या. गरज पडली तर आयोग नमुना तपासणीला पाठवू शकतो. कापडच फाडून टाकलंत तर काय पाठवणार?

कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच. हे आकडे वाचून मी हसतो, तुम्हीही हसायची तयारी ठेवा.

आणि एक. त्या जुन्या सळ्या तुम्हाला परत मिळाल्या का, हे पत्रात नाही. त्याच्या दुकानात असतील तर आजच मेसेज करून मागा. प्रत्येकीचा बाक वेगळा असतो. भंगारात गेल्या तर निकाल लागूनही लायनिंग बसवायला काही उरणार नाही.