बायोप्सी नॉर्मल, तरी पुन्हा दुर्बीण कशाला?

प्रश्न : आईचं वय ५८. जेवल्यावर पोट जड वाटतं म्हणून एंडोस्कोपी केली. जठरात साधारण दीड सेंटिमीटरचा उंचवटा दिसला, वरचं अस्तर गुळगुळीत. तुकडा तपासला, रिपोर्ट नॉर्मल. आता डॉक्टर एंडोस्कोपिक सोनोग्राफी करा म्हणतात. पोटाची सोनोग्राफी तर झाली आहे, मग ही वेगळी कशाला?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : बायोप्सी नॉर्मल म्हणजे अस्तर नॉर्मल, एवढंच. चिमट्यात येणारा तुकडा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा आणि वरवरचा असतो. आईंचा उंचवटा अस्तराखालून वर आलेला दिसतो; तिथवर चिमटा पोचलाच नसणार. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीची अडचण वेगळी. जठरातली हवा ध्वनिलहरी परतवून लावते.

म्हणून सोनोग्राफीचा प्रोब दुर्बिणीच्या टोकावर बसवून आत नेतात आणि हवा काढून तिथे पाणी भरतात. मग तीन-चार मिलिमीटरच्या भिंतीचे पाच थर वेगळे दिसतात, एक पांढरा, एक काळा असे आलटून पालटून. उंचवटा कोणत्या थरातला, यावर पुढचं सगळं ठरतं. तिसऱ्या थरातली पांढरीशुभ्र गाठ बहुधा चरबीची असते. तिला हात लावायची गरज सहसा पडत नाही. चौथ्या, म्हणजे स्नायूंच्या थरातली काळपट गाठ साधी स्नायूची असेल किंवा ‘जिस्ट’ नावाची वेगळ्या प्रकारची गाठ. जिस्ट पुढे कर्करोगासारखी वागू शकते, म्हणून हा फरक कळायलाच हवा. कधी गाठ नसतेच. बाहेरून प्लीहेचा दाब असतो, नाहीतर फुगलेली रक्तवाहिनी असते. डॉप्लरवर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर, ती ओळखू येते. ती न ओळखता खोल तुकडा घेतला तर मोठा रक्तस्राव होईल.

साधी गाठ की जिस्ट, हे नुसत्या चित्रावरून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी दुर्बिणीतूनच सुईने नमुना घेऊन ‘सीडी ११७’सारख्या, पेशींची ओळख पटवणाऱ्या चाचण्या करतात. मात्र लहान, टणक गाठीवरून सुई घसरते आणि नमुना अपुरा पडतो. ‘नमुना अपुरा’ असा रिपोर्ट आला तर ‘काही नाही’ असं समजून बसू नका. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत, कडा सरळ, त्रास नाही, अशा वेळी बहुधा ६ ते १२ महिन्यांनी पुन्हा पाहतात. कडा वेड्यावाकड्या, वर जखम, आत पोकळ्या किंवा आकार वाढलेला असेल तर सर्जनचा सल्ला घ्यावा लागतो. शौचाला डांबरासारखी काळी होऊ लागली तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

आता तयारी. ६ ते ८ तास पोट रिकामं हवं, आणि हा एकादशीचा उपास नव्हे : साबुदाणा, शेंगदाणे, दुधाचा चहा काहीही चालत नाही. मिश्री, तंबाखूही नको. अन्नाचे कण उरले तर चित्र बिघडतं. पाणी कधीपर्यंत प्यायचं ते भूलतज्ज्ञांना विचारा. क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. सुई घालायची असेल तर ही गोळी साधारण ५ ते ७ दिवस थांबवतात, पण हृदयाच्या डॉक्टरांनी होकार दिल्यावरच. मधुमेहाच्या सकाळच्या डोसचंही विचारून घ्या.

तपासणीसाठी पुण्याला जाणार असाल तर नमुना त्याच वेळी घेणार का, हे फोनवर विचारा, नाहीतर दुसरी खेप पडते. जुना एंडोस्कोपी रिपोर्ट, फोटो आणि सीटी स्कॅन झाला असेल तर त्याची सीडी बरोबर न्या. झोपेचं औषध देतात, त्यामुळे सोबत माणूस हवा. २४ तास गाडी चालवायची नाही. नंतर घसा दुखणं साधं आहे. पोटात जोराची कळ, ताप किंवा रक्ताची उलटी झाली तर लगेच दवाखाना गाठा.

प्रश्न : सारखी अ‍ॅसिडिटी होते. हीच तपासणी थेट करून घेऊ का?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : नको. जठराचा दाह आणि हेलिकोबॅक्टर जंतू यांच्यासाठी साधी एंडोस्कोपी, बायोप्सी किंवा श्वासाची चाचणी हवी. जंतूच्या चाचणीआधी पॅन्टोप्रॅझोलसारख्या गोळ्या २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे बंद असावं लागतं, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा. वजन घटत असेल, गिळताना अडकत असेल किंवा रक्त कमी झालं असेल तर मात्र साधी एंडोस्कोपी याच आठवड्यात करून घ्या.