दारू पिऊन गाडी चालवली, आता कोर्टात पेशी आहे, झोप येत नाही

ताई, कोर्टात नेमकं काय होतं हो? मी समुपदेशन करते, आणि हा प्रश्न आजकाल माझ्याकडे इतक्यांदा येतोय की म्हटलं एकदा लिहूनच टाकू. विचारणारे गुंड-मवाली नसतात, चांगली नोकरी करणारी घरंदाज पोरं असतात, आणि पेशीच्या आधीच अर्धी खचलेली असतात.

सुमेधचंच घ्या (नाव बदललंय). रामबागेत आईबाबांसोबत राहणारा, तिशीतला. मित्राच्या पार्टीहून परतताना विजय नगरला चेकिंगमध्ये मशीनमध्ये फुंकायला लावलं, रीडिंग जास्त आलं, बाइक पोलीस थान्यात जमा. घरी सांगितलं गाडी गॅरेजला टाकलीय. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, "झाली का रे गाडी?" आणि ह्याचं जेवण तिथेच थांबायचं.

मी मानते की माणूस घटनेनं कमी आणि तिच्याबद्दलच्या आपल्या समजुतीनं जास्त घाबरतो, म्हणून आधी समजूत तपासायची. विचारलं, "डोळ्यापुढे काय येतं?" तर म्हणाला, पिंजरा, भरलेलं कोर्ट, वकील बोट दाखवून ओरडतोय. म्हणजे सगळा सिनेमा.

मग जे असतं ते सांगितलं. मोटर वाहन कायद्याचं कलम 185, 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल. हे रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, मॅजिस्ट्रेटसमोर जावंच लागतं. पहिल्या वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही. लायसन्सही सस्पेंड होऊ शकतं. माझ्याकडे आलेल्यांपैकी बहुतेकांचं पहिल्या वेळी दंडावर निभावलंय, पण तो जज साहेबांचा अधिकार, त्याची गॅरंटी कोणी देत असेल तर त्याच्यापासून दूर राहा. बराच वेळ बाहेर बाकावर बसण्यात जातो, नाव पुकारलं की आत, आरोप सांगतात, विचारतात कबूल आहे का. कबूल असेल तर बहुधा तिथेच निकाल, दंड भरून पावती घ्यायची आणि गाडी सोडवायचा कागद घेऊन थान्यात. कबूल नसेल तर पुढच्या पेश्या, पुरावे, साक्षी.

हे ऐकून त्याने मोबाइल काढला. जज साहेबांसाठी लांबलचक माफीनामा टाइप करून ठेवला होता, म्हटलं वाच. वाचता वाचता एक ओळ आली, "मी तुमचा विश्वास तोडला."

"जज साहेबांचा विश्वास तू कधी तोडलास रे?"

तो गप्प. स्क्रीनकडे बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "ताई, हे बाबांसाठी आहे."

खरं सांगते, अशा क्षणांसाठीच मी हे काम करते. मला तेव्हा लख्ख दिसलं की कोर्टाची भीती बऱ्याचदा घरच्या भीतीनं घातलेला मुखवटा असते. कोर्टाला हो किंवा नाही पुरतं, पानभर उत्तर ज्याला द्यायचं तो माणूस घरी जेवणाच्या ताटावर बसलेला असतो. त्याच रात्री त्याने सांगितलं. बाबा दोन दिवस बोलले नाहीत, पण पेशीला सोबत आले.

तुमची पेशी असेल तर आधी घरात एकाला तरी सांगा, आणि एकटे जाऊ नका. कबूल करणं म्हणजे दोषी ठरणं, ते रेकॉर्डवर राहतं, त्यामुळे सरकारी नोकरी किंवा व्हिसाचं काही चालू असेल तर आधी वकिलाला विचारा. वकील परवडत नसेल तर 15100 ही विधी सेवेची हेल्पलाइन आहे. लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, चालानचा कागद सगळं सोबत ठेवा, कोर्टाबाहेर "मी मिटवून देतो" म्हणणाऱ्याच्या हातात पैसे देऊ नका आणि पेशी चुकवू नका, नाहीतर वॉरंट निघू शकतं. आणि पिणं आठवड्याचं, मग रोजचं होत चाललं असेल तर दंड भरल्यावर फाइल बंद समजू नका, त्याबद्दल बोलायला या, सुमेध अजून येतोय.