प्रतिसादी नॅनोकणांवर काम सुरू करणाऱ्या नव्या संशोधकास

आम्लता, उष्णता, प्रकाश आणि चुंबकीय क्षेत्र या चारही उद्दीपकांना प्रतिसाद देऊन औषध सोडणारा एकच नॅनोकण (औषध वाहून नेणारा अतिसूक्ष्म कण) बनवण्याची तुमची इच्छा मी समजू शकतो, तरी आधी एकच उद्दीपक निवडावा, असे माझे मत आहे. आम्लतेचेच पाहा: रक्ताचा पीएच (जितका कमी, तितकी आम्लता जास्त) ७.४, तर कर्करोगाच्या गाठीतील पेशींबाहेरच्या द्रवाचा साधारण ६.५ ते ६.९, म्हणजे फरक एका एककाहूनही कमी. मात्र पेशीने कण गिळल्यावर लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतील पचन करणाऱ्या पिशवीत, पीएच ४.५ ते ५ पर्यंत उतरतो, आणि म्हणूनच आम्लात तुटणाऱ्या हायड्राझोन बंधाने कणाला जोडलेले डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरील औषध रक्तात बऱ्यापैकी टिकून पेशीच्या आत सुटे होते.

बफरमधल्या (पीएच स्थिर ठेवणाऱ्या साध्या द्रावणातल्या) औषध सुटण्याच्या देखण्या आलेखावर भाळू नका (आम्ही सगळेच एकदा भाळलो आहोत). तोच प्रयोग ३७ अंशांवर, रक्तद्रव मिसळून पुन्हा करा, कारण प्रथिनांचे आवरण चढले की कणाचे वागणे बदलते. उष्णता निवडलीत, तर पॉली-एन-आयसोप्रोपिलअ‍ॅक्रिलामाइड या उष्णतेला प्रतिसाद देणाऱ्या बहुवारिकाचे (पॉलिमरचे) पाण्यातील द्रावण सुमारे ३२ अंशांनाच गढुळते हे ध्यानात असू द्या; वडोदऱ्याच्या मे महिन्यात, वातानुकूलन बंद पडलेल्या दुपारी, बाटली टेबलावर आपोआपच पांढुरकी झालेली दिसेल. मोकळे औषध आणि रिकामा कण हे दोन्ही तुलना-गट पहिल्या प्रयोगापासून ठेवावेत.