ब्रुनो मिस्सेला येतो

ताई, मी वसईची. शाळेतून निवृत्त, वय ६३. मिस्टर जाऊन दोन वर्षं झाली, त्यांचा कुत्रा ब्रुनो आता माझ्याकडे असतो. सकाळी साडेसहाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, निघाले की तोही मागोमाग येतो आणि चर्चच्या पायरीवर बसून राहतो. गेल्या रविवारी ख्रिस्तप्रसादाच्या (मिस्सेत वाटल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीच्या) रांगेत थेट आत शिरला. एका बाईंनी सगळ्यांदेखत मला सुनावलं. आता त्याला बांधून जाते, तर मी परत येईपर्यंत रडत राहतो. शेजारी वैतागलेत. मिस्सा संपली की कुणाशी न बोलता मी घरी धावते. मुलगा म्हणतो, देऊन टाक कुणाला. रोजची मिस्सा सोडू का?
– ब्रुनोची आई

प्रिय बाई,
(शिक्षिकेला दुसरं काही म्हणायला माझी जीभ वळत नाही.)

मिस्सा सोडू नका. चर्चचं बंधन रविवारचं आहे, रोजचं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. एखाद्या सकाळी नाही गेलात तरी पाप लागत नाही. पण कुत्र्यापायी रोजचं जाणं थांबवलंत तर चार महिन्यांनी तुम्ही त्याच्यावरच चिडाल.

ब्रुनोला भक्ती नाही आणि हट्टही नाही. त्याला तुमचा क्रम पाठ झालाय. कपाट उघडलं, रोझरीची (जपमाळेची) डबी टक् वाजली, चपला घातल्या, की घर रिकामं होणार. घरातलं एक माणूस असंच बाहेर पडलं आणि परत आलं नाही, एवढं त्याने पाहिलंय. मग तो रडणारच.

तेव्हा आधी हा क्रम मोडा. दुपारी रोझरीची डबी उघडा, चपला घाला आणि वाटाणे सोलत बसा. दिवसातून चार-पाच वेळा करा, त्या आवाजाची भीती हळूहळू जाते. मग दाराबाहेर एक मिनिट, पुढे पाच, पुढे पंधरा. रडायच्या आत परत या, आणि आल्यावर लाडांचा गोंधळ घालू नका. सकाळी पाऊण तास आधी उठून त्याला नीट फिरवून आणा, थोडा वास घेत रेंगाळू द्या. निघताना भाकरीचे तुकडे जुन्या टॉवेलात गुंडाळून गाठ मारून द्या, तो सोडवण्यात गुंतेल. बांधू मात्र नका, खोलीत मोकळा ठेवा. आठ-दहा दिवसांत सगळं सुरळीत होईल असं नाही, महिना-दोन महिने धरून चाला. तरीही खाणं सोडलं किंवा दार ओरबाडून पंजे रक्ताळले, तर प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

आता सुनावणाऱ्या बाई. तुम्हाला त्यांचा राग आलाय, पण मला त्यांचीही बाजू दिसते. ज्याला लहानपणी कुत्रा चावलाय, त्याला हात जोडून उभं असताना पायाशी ओलं नाक लागणं म्हणजे काय असतं! त्यांना सांगा, ब्रुनो आता पट्ट्याशिवाय आवारात येणार नाही, आणि रेबीजची लस दरवर्षी होते. होत नसेल तर आधी ते करा. संत रॉकला रानात भाकरी आणून देणाऱ्या कुत्र्याची गोष्ट त्यांना ऐकवावीशी वाटेल. त्या चिडलेल्या असताना नका ऐकवू, टोमणा होईल.

एक राहिलं. रविवारी ब्रुनोला केकचा तुकडा देत असाल तर बंद करा. त्यातल्या मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात.

पण तुमच्या पत्रातलं मला खटकलेलं वाक्य ब्रुनोबद्दलचं नव्हतंच. ‘कुणाशी न बोलता धावते.’ दोन वर्षांत तुमचं बोलणं किती जणांशी होतं, बाई? शाळेतल्या जुन्या मैत्रिणी चर्चच्या गेटवरच भेटत असतील ना? सराव सुरू झाला की पहिली वाढवलेली दहा मिनिटं गेटवर खर्च करा. मुलाला सांगा, कुत्रा देणार नाही, तू महिन्यातून एकदा येऊन त्याला फिरव.

४ ऑक्टोबरला प्राण्यांना जीव लावणाऱ्या असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण. त्या सुमाराला बऱ्याच चर्चमध्ये प्राण्यांना आशीर्वाद देतात. तुमच्याकडे होतं का, फादरना विचारा. होत असेल तर ब्रुनोला पट्टा लावून न्या, आणि त्या बाईंना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, म्हणजे त्या दुसऱ्या दाराने येतील.