पुण्यात शाकाहारी घरात राहून एकट्यानं व्हीगन होणं (प्राण्यांपासून आलेलं काहीच न घेणं) जमतं का? फायदा काय आणि रोज खाता काय?

तुमचे घरचे दूध-तुपावर वाढलेले, म्हणून तुम्हाला शंका आहे. जमतं. मी कोथरूडला सासू-सासऱ्यांसोबत राहते आणि दूध, दही, तूप, मध यांतलं काही घेत नाही.

स्वयंपाकाचा फार बाऊ करू नका. पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, भरली वांगी, कांदेपोहे, ठेचा, कारळाची चटणी, सोलकढी यांत दूधदुभतं नसतंच. माझ्यासाठी वेगळी चूल मांडावी लागत नाही. फोडणी तेलाची आणि वरणावरचं तूप पातेल्यात न घालता ज्याच्या त्याच्या ताटात, एवढंच ठरलंय. गणपतीत उकडीच्या मोदकांची उकड तेलावर काढतो, वरची तुपाची धार ज्याला हवी त्यानं घ्यावी. नैवेद्याच्या पानावर मात्र सासूबाई तूप वाढतात. त्यावरून मी वाद घालत नाही, तुम्हीही घालू नका.

खरी परीक्षा चहाची. सोया दूध चहासोबत उकळलं की बरेचदा फाटतं. म्हणून चहा आधी नीट उकळायचा, गॅस बंद करायचा आणि मग कोमट सोया दूध घालायचं. पाकिटावर 'दूध' शब्द सहसा सापडणार नाही, 'सोया ड्रिंक' किंवा 'बेव्हरेज' असं काहीतरी असतं. अमृततुल्यात मात्र कोरा चहा मागा, लिंबू असेल तर पिळून घ्या. अमृततुल्याची चव त्यात येत नाही, हे मान्य.

दह्याला शेंगदाणे आहेत. भिजवून वाटायचे, गाळून ते दूध उकळायचं, कोमट झालं की हिरव्या मिरच्यांची देठं टाकून रात्रभर झाकून ठेवायचं. कढीला झकास. नुसतं खायला मला आवडत नाही, शेंगदाण्याचा वास येतो.

बाहेर मिसळ दह्याशिवाय सांगा, डोसा तेलावर. पाकीटबंद वस्तूंवरचा हिरवा ठिपका इथे कामाचा नाही, तो दुधाच्या पदार्थांवरही असतो. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयचं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) वेगळं हिरवं चिन्ह आहे, त्यात इंग्रजी व्ही असतो. ते नसेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. बिस्किटांत 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे' असे दुधाचेच घटक बरेचदा निघतात. ताटाबाहेरचंही पाहावं लागतं: पैठणीचं रेशीम, कोल्हापुरीचं चामडं. आधीपासून असलेल्या पैठण्या मी नेसते, नवी घेत नाही.

आता फायदा. वजन आपोआप उतरेल या भ्रमात राहू नका, बटाटेवडा आणि फरसाणही बहुतेक व्हीगनच असतं! डाळी, कडधान्यं, भाज्या नीट खाल्ल्या तर आहारातले तंतू (फायबर) वाढतात, तूप-लोण्यातली संपृक्त चरबी जाते आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सहसा उतरतं. ज्यांना दूध पचत नाही त्यांच्या पोटाला लगेच फरक कळतो. माझं कारण वेगळं होतं. म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही आणि नर रेडकू धंद्याला परवडत नाही, त्याचं पुढे काय होतं हे समजल्यावर मला दूध घशाखाली उतरेना.

कॅल्शियमसाठी नाचणी: 100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिलिग्रॅम, दुधात 120 च्या आसपास. सगळं अंगी लागत नाही, तरी तीळकूट आणि पालेभाज्या जोडीला असल्या की बरंच भागतं. लोहासाठी उसळीवर लिंबू पिळा, जेवणासोबत चहा नको.

व्हिटॅमिन बी12 ला मात्र पर्याय नाही. मोड, ताक नसलेलं आंबवण, समुद्री शेवाळ असल्या सल्ल्यांवर विसंबू नका, गोळीच घ्या. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं जेमतेम 2.4 मायक्रोग्रॅम, पण गोळीतलं फार थोडं शोषलं जातं, म्हणून डोस डॉक्टरांना विचारूनच ठरवा. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राणिजन्य, त्यामुळे साधी गोळी मागा. कमतरता ओढवली तर हातापायांना मुंग्या येतात, आणि दुर्लक्ष केलं तर मज्जातंतूंचं नुकसान कायमचंही होऊ शकतं.

सुरू करण्याआधी एकदा बी12 तपासून घ्या. दूध पिणाऱ्या शाकाहारी लोकांतही ते बरेचदा कमी निघतं. आधीचा आकडा हाताशी नसेल तर सहा महिन्यांनी सगळं खापर तुमच्या सोया दुधावर फुटेल.