अलीकडे वाचलेल्या रहस्य, भय आणि विज्ञानकथांपैकी कोणत्या आवडल्या? की हा सगळा टाइमपासच असतो?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही, म्हणून लिहायला बसलो. आमच्या नागपूरच्या वाचनगटातले एक प्राध्यापक हेच जरा भारदस्त शब्दांत सांगत असतात: रहस्यकथा कुठेही घडू शकते, गावाचं नाव बदललं की झालं, म्हणून ती साहित्य नाही. माझं मत याच्या अगदी उलट आहे. चांगली रहस्यकथा जिथे घडते तिथून उचलून दुसरीकडे नेली की मोडते. जी सहज नेता येते, ती मुळातच फसलेली असते.

फसलेल्या कथेचंच उदाहरण आधी घ्या. दिवाळी अंकात वाचलेली आहे. धरमपेठेतला फ्लॅट, वरचा मजला, नवतपा (मेअखेरचे नऊ सर्वांत तापलेले दिवस) सुरू. दार आतून बंद, म्हातारे घरमालक पलंगावर मृत, गळा दाबलेला. खोलीत कूलर चालू. शेजारीण सांगते की रात्री दोनला आतून कुजबुज ऐकू आली. इन्स्पेक्टर अंगाला हात लावतो, अंग गार लागतं, म्हणून तो ‘मृत्यूला आठ तास झाले’ असं जाहीर करतो. शेवटी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं जातं, पुतण्या रडत कबुली देतो, कथा संपते.

या कथेत नागपूर आहे ते फक्त पत्त्यापुरतं. लेखकाने कूलर ठेवला, पण कूलर कसा चालतो ते लक्षात घेतलं नाही. खिडकीत बसवलेला कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून, म्हणजे बाजूंना लावलेल्या गवताच्या पडद्यांतून, ओढून आत फेकतो. ती हवा बाहेर जायला समोरची खिडकी किंवा दार थोडं तरी उघडं लागतं. नाहीतर थोड्याच वेळात खोली दमट होते, चादर अंगाला चिकटते आणि गारवा संपतो. हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे रात्रभर कूलर चालू आणि खोली सगळीकडून बंद, असं नागपुरात कुणी झोपतच नाही. समोरची खिडकी चार बोटं उघडी असणारच. तिच्यावर जाळी आहे की ग्रील, त्यातून हात जातो की नुसती दोरी, तपास इथून सुरू व्हायला हवा होता. बंद खोलीतला खून हे या प्रकारातलं सर्वांत जुनं कोडं आहे. एडगर अ‍ॅलन पो यांनी १८४१ मध्ये ते मांडलं, आणि तिथेही वाट खिडकीतूनच होती. आमच्या लेखकाला खिडकी आयती मिळाली होती, त्याने ती बंद करून टाकली.

आता कुजबुज. पंख्याची घरघर, पंपाचा आवाज, ताट्यांवरून पडणारं पाणी, आणि शेजारणीच्या खोलीत तिचा स्वतःचा कूलर. यात भिंतीपलीकडची कुजबुज ऐकू येणं शक्य नाही. ती एकाच वेळी ऐकू येईल: वीज गेल्यावर. मे महिन्यात रात्री वीज गेली की कूलर थांबतो आणि त्या शांततेनेच अख्खी बिल्डिंग जागी होते. आता बघा, शेजारीण खरं बोलत असेल तर कुजबुज वीज गेलेल्या त्या काही मिनिटांतच झाली. वीज किती वाजता गेली आणि किती वाजता आली याची नोंद उपकेंद्रात असते. संशयितांपैकी त्या मिनिटांत कोण कुठे होतं, एवढ्यावर कथा उभी राहिली असती. आणि त्या रात्री वीज गेलीच नसेल, तर शेजारीण खोटं बोलते आहे. दोन्ही बाजूंनी कथा पुढे जाते. लेखकाने मात्र कुजबुज घातली आणि पुढे तिचं काहीच केलं नाही.

सर्वांत मोठी संधी वाया गेली ती अंग गार लागण्यात. मृतदेहाचं तापमान भोवतालच्या हवेइतकं होत जातं, त्याखाली आपोआप जात नाही. तासाला साधारण एक अंश हा जो हिशेब कथांमध्ये सर्रास वापरतात, तो थंड हवेतला आहे. नवतप्यात गच्चीखालच्या बंद खोलीत हवा चाळीसच्या आसपास असेल, तर सदतीस अंशांचं शरीर गार होणारच नाही. कूलरचा ओला झोत थेट पलंगावर येत असेल आणि खोली अठ्ठावीस-तीसवर असेल, तर ते गार होत जाईल. म्हणजे खून करून जाताना कूलर बंद केला किंवा लावला, तर मृत्यूची वेळ काही तास पुढेमागे दाखवता येते. नागपूरच्या खुन्याला याहून सोपं हत्यार कुठलं? शरीर ताठरण्यावरूनही वेळ काढतात. दोन-तीन तासांत सुरुवात होते, बाराएक तासांत पूर्ण होते आणि मग हळूहळू ते सैल पडतं. उन्हाळ्यात ही सगळी क्रिया लवकर उरकते. हुशार डॉक्टर दोन्ही खुणा एकमेकींशी ताडून बघेल आणि त्या जुळल्या नाहीत की कूलरकडे वळेल.

आणि कूलर पुरावा देतो. टाकी समजा साठ लिटरची. कोरड्या हवेत मध्यम कूलर तासाला आठ-दहा लिटर पाणी सहज पितो. रात्री दहाला टाकी भरली असेल तर पहाटे चार-पाचपर्यंत ती तळाला जाते आणि पंप कोरडा घरघरायला लागतो. सकाळी सहाला टाकी अर्धी भरलेली सापडली, तर मधले काही तास कूलर बंद होता, नाहीतर कुणीतरी पाणी टाकलं. ताट्या वाळल्या आहेत की ओल्या, टाकीच्या पत्र्यावर क्षारांची पांढरी रेघ कुठवर ओली आहे, हे इन्स्पेक्टरने वाकून बघायचं होतं. हीच कथा मुंबईला नेऊन दाखवा. नाही जमणार. मुंबईच्या दमट हवेत कूलरचा काही उपयोगच नाही.

कबुलीचा शेवटही पोकळ आहे. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. आधीच्या १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ आहे. कबुलीतल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालतो. पुतण्याने रडण्याऐवजी दोरी कुठे पुरली ते सांगितलं असतं, तर शेवटाला काही अर्थ आला असता. याच कथेत घटना २०२५ ची आणि खुनाचं कलम जुन्या दंड संहितेतलं, ३०२. १ जुलै २०२४ नंतरच्या खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं. पाच मिनिटांत तपासता येणारी गोष्ट आहे ही.

आता आवडलेल्या कथा. भयकथांत एकच मनापासून आवडली, काटोलकडची. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळा लागताच फुलं यावीत म्हणून, पाणी तोडून ताणावर सोडलेली संत्र्याची बाग, मे महिना, पानं मलूल, जमिनीला भेगा. आणि मधल्या एका झाडावर पिकलेली संत्री. बस, एवढंच. भूत नाही, किंकाळी नाही. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलांची, फळं तेव्हा हिरवी आणि लहान असतात, मृगाची तोड उरकलेली असते, तेव्हा पिकलेलं फळ झाडावर असायला कारणच नाही. बागाईतदाराच्या पोटात तिथेच गोळा येतो. शहरातल्या वाचकाला हे कळावं म्हणून लेखिकेने दुसऱ्याच पानावर पाणी तोडण्यावरून बापलेकाचं भांडण घातलंय. माहिती सांगितल्यासारखी वाटत नाही आणि भीतीची तयारी होऊन जाते. बाकी बऱ्याच भयकथांत मोबाइलची बॅटरी संपते, वाडा नागपूरच्या जुन्या महाल भागातला असतो आणि शेवटच्या ओळीत निवेदकच मेलेला निघतो. त्या सोडून द्या.

विज्ञानकथांचं थोडक्यात. मंगळावरच्या माणसाशी फोनवर बोलल्यासारख्या गप्पा आल्या की मी कथा मिटतो. रेडिओ संदेशाला एका बाजूने तीन ते बावीस मिनिटं लागतात, ग्रह कुठे आहेत त्यावर. एका कथेत याच उशिरावर नवराबायकोचं भांडण बेतलं आहे. तिचं उत्तर पोचेपर्यंत त्याचा राग शांत झालेला असतो आणि मग त्याला तिचा राग ऐकावा लागतो. ही आवडली.

प्राध्यापकांना एवढंच सांगतो. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली, आद्याक्षरं उलटी करून, आणि बक्षीस मिळवलं. परीक्षकांपुढे फक्त कथा होती. सर, तुम्हीही आधी कथा वाचा, तिच्यावर कुठल्या प्रकाराचं लेबल आहे ते नंतर बघा. सामाजिक कथेत कूलर चुकला तर वातावरण थोडं बिघडतं. रहस्यकथेत तो चुकला की अख्खी कथा कोसळते. जास्त जबाबदारी कुणावर आहे, सांगा.

एक राहिलं. बाबुराव अर्नाळकरांसारख्यांनी हजाराच्या घरात पुस्तकं लिहिली, त्यांना ही फूटपट्टी लावू नये. तिथे वेग हेच काम होतं आणि पिढ्यांना वाचायची सवय त्यांनी लावली. भयकथेत सगळ्याचा उलगडा व्हायलाच हवा असंही नाही, पण जे अनाकलनीय आहे त्याचाही काही नियम असावा. आणि वरचे तापमानाचे, पाण्याचे आकडे ढोबळ आहेत, कथा तपासायला पुरेसे.

सुरुवात करायची असेल तर जाड कादंबरी नको, तीन हजार शब्दांच्या आसपासची कथा घ्या. मागच्या वर्षांचे दिवाळी अंक नागपूरच्या सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांत स्वस्तात मिळतात. शेवट कळला की लगेच पहिली तीन पानं पुन्हा वाचा आणि उत्तराचा धागा तिथे उघड्यावर ठेवलेला आहे का ते शोधा. सापडला तर त्या लेखकाचं दुसरं काही मिळवून वाचा.