कानातले ठोके: आधी नाडी धरून बघा

ताई, उशीला कान टेकला की धप्‌-धप्‌ सुरू होतं म्हणालात ना, मी चार वर्षं तेच ऐकतेय. आज एवढंच करा: मनगटाची नाडी धरा आणि आवाज मोजा. दोन्ही एकाच तालात असतील, तर हे नेहमीचं कान वाजणं नाही. बहुतेक वेळा तो कानाजवळून वाहणाऱ्या रक्ताचा आवाज असतो. यामागे बऱ्याचदा कारण सापडतं, म्हणून कुणी "सवय करून घ्या" म्हटलं तरी तिथे थांबू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांना "नाडीच्या तालात" हे आवर्जून सांगा. रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉईड तपासून घ्या. गरज वाटली तर ते एमआरआय आणि रक्तवाहिन्यांचं स्कॅन सांगतील. माझं हिमोग्लोबिन ८ निघालं होतं. ते भरून आलं तसा आवाज निम्म्यावर आला.

मान वळवल्यावर फरक पडतो का, तेही टिपून ठेवा. मान दाबून मात्र बघू नका, तिथून मेंदूकडे जाणारी धमनी जाते. कानात तेलही नको.

रात्रीची शांतता फार छळते. मी पंखा एकवर ठेवते, डोक्याखाली दोन उशा घेते आणि आवाज येणारा कान वर ठेवून झोपते.

डोकं जोरात दुखून नजर अंधुक झाली किंवा बोलताना जीभ अडखळली, तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.